आईच्या डोळ्यासाठी अमेरिकेहून येणारं बुब्बुळ: घ्यावं का?

चाफेकळी (ठाणे)

नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची, नौपाड्यात राहते. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं तिने. सहा वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. फार पिकला होता, ऑपरेशन लांबलं. पहिली चारेक वर्षं छान दिसलं. मग सकाळी उठलं की धुकं, दुपारपर्यंत जरा निवळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्हाला वाटलं भिंगामागे पडदा आला असेल, लेझरने जाईल. निघालं वेगळंच.

बुब्बुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्निया), आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तो बुब्बुळातलं पाणी सारखं उपसून काढतो. या पेशी माणसात नव्याने तयार होत नाहीत. आईच्या उरल्या आहेत त्या कामाला पुरत नाहीत, म्हणून बुब्बुळ पाणी धरून सुजतं. रात्रभर पापणी मिटलेली, पाणी उडून जायला वाव नाही, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट. मिठाचे थेंब झाले. डॉक्टरांनी दाखवलं तसं हेअर ड्रायर हातभर लांब धरून कोमट वारा देणं झालं. आता वर फोड येतात आणि फुटले की ती कळवळते. परवा निरांजन लावताना काडी वातीला लागेना, बोट भाजून घेतलं.

डॉक्टरांनी डीसेक सांगितलंय. सगळं बुब्बुळ बदलायचं नाही, फक्त आतला पातळ थर. रस्ते दोन. इथल्या नेत्रपेढीच्या यादीत नाव घालायचं, नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. नाहीतर अमेरिकेतल्या नेत्रपेढीकडून, तारीख ठरवून, थर तिकडेच कापून तयार केलेलं बुब्बुळ मागवायचं. खर्च बराच जास्त आहे, पण तो मी आणि भाऊ मिळून करू.

अडलंय ते दुसरीकडे. एक तर आई म्हणते, "आठ-दहा दिवसांचं शिळं डोळ्यात घालायचं?" याचं उत्तर मला नीट देता येत नाही. आणि दुसरी गोष्ट लिहितानाच जड जातंय. बाबा २०१९ मध्ये गेले. रात्री दीडला आम्ही फोन केला, पहाटे पाचच्या आत नेत्रपेढीची माणसं घरी आली. पुढे कळलं की बाबांची बुब्बुळं रोपणाला चालली नाहीत, शिकणाऱ्या डॉक्टरांच्या सरावासाठी दिली. आई तेव्हा काही बोलली नाही. आता विचारते, "ह्यांचे डोळे ठाण्यात चालले नाहीत आणि सातासमुद्रापलीकडच्याचे चालतात?" मला तिची समजूत काढायची नाहीये, खरं काय ते सांगायचंय.

नेरूळची_काकू

चाफेकळी, माझ्या डाव्या डोळ्यात तीन वर्षांपासून अमेरिकेतून आलेला थर आहे. माझा आजार आनुवंशिक, फुक्सचा. पण सकाळचं धुकं अगदी तुझ्या आईसारखंच.

बर्फ घातलेल्या थर्मोकोलच्या पेटीत छोटी बाटली आली, आत गुलाबी पाण्यात बुब्बुळ. विमान उशिरा आलं म्हणून ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं, त्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सर्जन शांतपणे म्हणाले, मुदत अजून आहे. रक्तगट जुळवायचा नसतो हे ऐकून यजमानांना फार नवल वाटलं. बुब्बुळात रक्तवाहिन्याच नसतात म्हणे.

ऑपरेशन सोपं गेलं, पुढचा दिवस कठीण. थर आत चिकटून बसावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात, तो वर तरंगून थर दाबून धरतो. त्यासाठी छताकडे तोंड करून उताणं पडून राहायचं. आईची कंबर किंवा मान दुखत असेल तर आतापासून रोज थोडा वेळ तसं झोपायची सवय करा. माझ्या सुनेने गुडघ्यांखाली लोड दिला, त्याने निभावलं.

स्टिरॉइडचे थेंब अजून एक वेळ चालू आहेत, त्यामुळे डोळ्याचा दाब तपासावा लागतो. आणि डोळा लाल झाला, उजेड खुपायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. हे फ्रिजवर लिहून लावा.

पेढीतला_जुना

मी नेत्रपेढीत बावीस वर्षं तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त, वाशीला असतो. आधी वडिलांबद्दल लिहितो.

तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. आपल्याकडे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुब्बुळं काढावीत असं धरतात, तुम्ही त्याच्या आत होतात. पण पेशी किती आहेत हे पेढीत खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळतं. वय, आधीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शेवटचा आजार, रक्ततपासणीत सापडलेलं काही, कशानेही बुब्बुळ बाद होतं. आतला थर बसवायचा तर चौरस मिलिमीटरला दोन हजारांहून जास्त पेशी लागतात. अशी बाद झालेली बुब्बुळं मी रोज पाहिली आहेत, आणि त्यांच्यावरच नवे सर्जन हा थर वेगळा करायला शिकतात. हा थर कागदाहून नाजूक असतो, थेट रोग्यावर शिकता येत नाही. आईंना हे जरूर सांगा.

अमेरिकेतले डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात असं नाही. तिकडे रुग्णालयातला प्रत्येक मृत्यू दानसंस्थेला कळवणं बंधनकारक आहे. फोन करायचं घरच्यांना सुचेल की नाही यावर तिथलं काम अडत नाही. त्यामुळे त्यांची गरज भागून उरतात, आणि उरलेल्यांतली चाचणीत उतरलेलीच बाहेर पाठवतात. श्रीलंकेचंही तसंच. डॉ. हडसन सिल्वांनी सुरुवातीला घरच्या फ्रिजमध्ये डोळे ठेवून काम केलं, १९६१ मध्ये संस्था काढली, आणि १९६४ पासून तो एवढासा देश जगाला बुब्बुळं देतोय.

आता शिळेपणा. आपल्याकडे वर्षानुवर्षं एमके नावाचं द्रावण वापरात होतं, त्यात चार दिवस मिळतात. बाहेरून येतं ते ऑप्टिसोलमध्ये, त्याची मुदत १४ दिवस. मदुराईला तयार होणारं कॉर्निसॉलही तेवढंच टिकतं. साठवणीत आधी खराब होते ती बुब्बुळाची वरची त्वचा, आणि डीसेकमध्ये ती वापरतच नाहीत. अमेरिकेत १,३३० डोळ्यांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. सात दिवसांपर्यंत ठेवलेल्यांत तीन वर्षांनी ९५.३ टक्के यशस्वी, आठ ते चौदा दिवसांच्यात ९२.१ टक्के. फरक आहे, पण थोडा. म्हणून सर्जनना 'परदेशी का देशी' विचारू नका. पेशी किती, दात्याचं वय काय, बुब्बुळ द्रावणात कुठल्या तारखेला गेलं आणि तुमच्या ऑपरेशनला कितवा दिवस असेल, हे विचारा. बुब्बुळाबरोबर कागद येतो, त्यावर सगळं असतं.

बिलात 'टिश्यू' म्हणून रक्कम दिसेल ती प्रक्रिया, तपासणी आणि वाहतुकीची. बुब्बुळाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कोपरीकर

माझं मत वेगळं आहे. ज्यांना परवडतं ते बाहेरून मागवणार, मग इथल्या पेढ्या सुधाराव्यात म्हणून तगादा कोण लावणार? माझ्या मेहुण्याला कळव्याला राहून चौदा महिने थांबावं लागलं. त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता.

चाफेकळी (ठाणे)

कोपरीकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आईचं नाव यादीतून निघेल तेव्हा मागचा एक माणूस पुढे सरकेल, एवढंच आत्ता माझ्या हातात आहे. आमच्या सोसायटीत ८४ घरं आहेत. लिफ्टशेजारच्या फलकावर नेत्रपेढीचा नंबर लावलाय. खाली लिहिलंय: मृत्यूनंतर पंखा बंद करा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच फोन करा.

पेढीतला_जुना, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. सरावाच्या बुब्बुळांचं आलं तिथे तिने थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. मग बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "म्हणजे हे शेवटी शिकवायलाच गेले." बाबाही शिक्षकच होते.

काल सर्जनना सगळे प्रश्न विचारले. पेशी २,७००च्या वर, दात्याचं वय ६१, ऑपरेशनच्या दिवशी नववा दिवस असेल. पुढच्या गुरुवारी आहे. काकू, उताणं झोपायचा सराव सुरू झालाय, लोड घेऊन.

अजून एक विचारायचंय. नाव न कळवता पेढीमार्फत दात्याच्या घरच्यांना पत्र पाठवता येतं असं सर्जन म्हणाले. मी लगेच लिहून देते म्हटलं तर आईने अडवलं. पट्टी निघाली की ती स्वतःच्या हाताने लिहिणार आहे, मराठीत. सोबत इंग्रजी भाषांतर मी जोडेनच. कोणी असं पत्र पाठवलं असेल तर काय लिहिलंत, ते सांगाल का?