शब्दचर्चा: मेंदूतल्या "रिवॉर्ड"ला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीहून प्रश्न:
नमस्कार मंडळी, आमच्या मराठी प्राथमिक शाळेत पालकसभा आहे आणि मुलांचा मेंदू शिकतो कसा यावर मला बोलायचंय. दोन शब्दांपाशी गाडी अडलीय, रिवॉर्ड आणि प्लास्टिसिटी, म्हणजे शिकण्याने मेंदू बदलतो ते. "बक्षीस" म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे चॉकलेट नाहीतर मोबाईल येतो, आणि प्लास्टिसिटीला जो तो लवचिकता म्हणतो ते मला पटत नाही. घरातल्या बोलण्यातले शब्द सुचवाल का?

फोंड्याहून उत्तर:
ताई, बक्षीस नकोच. ते आधी जाहीर होतं आणि मागाहून कोणीतरी हातात देतं, मेंदूतला प्रकार तसा नाही. आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, सोकावणे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतो ना, त्यातलंच. एकदा केलं, फळ मिळालं, म्हणून पुन्हा करावंसं वाटलं, आणि करत करत ती सवय झाली, एवढं सगळं या एका शब्दात बसतं.

आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर म्हणजे पाववाला येतो, थोड्या वेळाने मासळीवाली स्कूटरवरनं येते, दोघांचेही पोंपों. शेजारचं मांजर पोदेराच्या हॉर्नला कान पण हलवत नाही, मासळीच्या हॉर्नला मात्र कुंपणावरून उडी टाकून रस्त्यावर, तिथे अजून बांगड्याचा वास सुद्धा पोचलेला नसतो. मासळीला सोकावलेलं मांजर हॉर्नालाच सोकावतं ते असं. आणि शास्त्रज्ञांना माकडांच्या मेंदूत सापडलं ते हेच. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचे सिग्नल मोजले. सुरुवातीला तोंडात फळांचा रस पडला की त्या पेशी धडाधड चालायच्या. रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवत गेले तसा तो जोर खुणेवर सरकला आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी आपल्या नेहमीच्या चालीवर. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर जेव्हा तो यायला हवा होता बरोबर त्या क्षणी पेशी जवळजवळ गप्प. त्याला आपण हिरमोड म्हणतो. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू या तिघांनी मांडलं की हा सिग्नल म्हणजे अपेक्षा आणि मिळकत यातला फरक. वाटलं त्याहून जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली, ठरल्याप्रमाणे मिळालं तर काहीच नाही कारण शिकायला नवीन काही उरलेलं नसतं. रोज ठरलेलं चॉकलेट लवकर निष्प्रभ होतं ते का, हे पालकांना इथे नीट सांगता येईल.

पर्वरीहून शंका:
पण पेपरात तर डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणतात, मग ते चूक काय?

फोंड्याहून:
दादा, तो शब्द फार पसरलाय आणि त्याने घोळ होतो. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या, दांडी दाबली की बारीकसा विजेचा झटका, आणि उंदीर दांडी दाबतच सुटले, तेव्हा लोकांनी धरलं की हे सुखाचं केंद्र. पुढे केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर ते उंदीर तसेच मिटक्या मारायचे, पण समोर ठेवलेल्या खाण्याकडे आपणहून जायचे नाहीत. म्हणजे गोडी शाबूत, ओढ गेली. डोपामिन हे ओढीचं रसायन म्हणा. गोडी आणि ओढ हे दोन शब्द मराठीत आधीपासून वेगळे आहेत, ते वेगळेच ठेवूया. ज्याची गोडी संपलीय त्याचीही ओढ राहते, हे दारूच्या बाबतीत घराघरांतल्या बायकांना कोणी शिकवायला लागत नाही.

आता प्लास्टिसिटी. लवचिक म्हणजे वाकवलं आणि सोडलं की पूर्ववत. इथे उलट आहे, झालेला बदल टिकतो. भौतिकशास्त्रात आकार्यता म्हणतात, बरोबर आहे पण पालकसभेत चालणार नाही. मी "वळण" म्हणेन. वळण लागतं, पडतं, बदलतं, आणि जुनं वळण पुसून जात नाही हे महत्त्वाचं. पावलोव या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेलाच लाळ सुटायची; नुसती खूण देत, खाणं न देता ती लाळ बंद पाडली तरी थोड्या विश्रांतीनंतर त्याच खुणेला परत सुटायची. नवीन वळण जुन्यावर बसतं, जुनं खाली असतंच. वेळेचं गणित पण सांगा. २०१४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत दाखवलं की दोन पेशींमधला जोड कामाला लागल्यानंतर साधारण २ सेकंदांच्या आत डोपामिन आलं तरच तो जोड वाढतो, उशिरा आलं तर नाही. मोठी मुलं काल काय झालं ते आठवून जोडतात ती गोष्ट वेगळी, पण पहिलीतल्या पोराने अक्षर नीट काढलं तर शाबासकी तिथल्या तिथे द्या, बाबा संध्याकाळी आले की सांगू असं नको.

पेडण्याहून:
सगळं पटलं, पण सोकावणे हा शब्द वाईट अर्थी जातो ना? "पोर सोकावलंय" म्हणजे तक्रारच झाली. पाढे पाठ करायला सोकावला असं कोण म्हणेल?

फोंड्याहून:
खरं आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांत "प्रबलन" म्हणतात, त्याला बरंवाईट काही चिकटलेलं नाही, लेखी मजकुरात तेच असू दे. सभेत बोलताना मात्र दोन्ही वापरा ताई, नको ती सवय असेल तर सोकावणे आणि हवी ती असेल तर ओढ लागणे, आणि एवढं सांगा की दोन्हीकडे डोपामिनचं काम तेच चालतं, मोबाईलला सोकावलेल्या पोरात आणि वाचनाची ओढ लागलेल्या पोरात.

डिचोलीहून:
देव बरें करूं सगळ्यांक. बक्षीस खोडलं, ओढ आणि वळण लिहून घेतलं.