मदत हवी आहे: प्रोसेसरचा क्लॉक (वेग) तोच, मग सुपर पाय चाचणीमध्ये एवढा फरक कॅशचाच का?

मंडळी, जुन्या ७७५ सॉकेटच्या (इंटेल प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्डावर सध्या खेळ चाललाय. हाताशी २००७ सालचे दोन प्रोसेसर आहेत: पेंटियम ई२१६० आणि कोअर २ ड्युओ ई४३००. दोन्ही मुळात १.८ गिगाहर्ट्झचे, एफएसबी (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी बस) २०० मेगाहर्ट्झ, गुणक ९; दोन्हींचा गुणाकार म्हणजे क्लॉक. मोठा फरक एल२ कॅशचा (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी): पहिल्यात १ एमबी, दुसऱ्यात २ एमबी.

दोघांनाही ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर नेलं. बोर्ड तोच, रॅम तीच (डीडीआर२, ६६७ वर), रॅमचं टायमिंग (प्रतिसादाला लागणारा विलंब) हाताने बांधलेलं. सिनेबेंचमध्ये (चित्र रेंडर करायची चाचणी) दोघे जवळपास बरोबरीत. पण सुपर पाय १एम (पायचे सुमारे दहा लाख अंक काढायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावलं की ई२१६० प्रत्येक लूपला रेंगाळतो आणि एकोणिसाव्या लूपपर्यंत दोन-अडीच सेकंद मागे पडतो. तीनदा चिप काढून-घालून बघितली, बोटांची थर्मल पेस्ट अजून निघत नाहीये!

माझा अंदाज असा की सिनेबेंचचा बराचसा डेटा कॅशमध्ये मावतो, पायचा मावत नाही, म्हणून रॅमकडे सारखी धाव घ्यावी लागते. हे बरोबर आहे का? की बोर्ड चिप बदलल्यावर गुपचूप रॅमचं एखादं सब-टायमिंग (दुय्यम टायमिंग) ढिलं करतोय? ते कसं तपासायचं?

शिवाय ई२१६० ३५६ एफएसबीवर, म्हणजे ३.२ ला टिकतोय. त्या जादा २०० मेगाहर्ट्झने कॅशची कसर भरून निघेल, की रॅमचं टायमिंग घट्ट करण्यात जास्त फायदा? व्होल्टेज वाढवायच्या आधी कुणी सांगेल का?