अनुभव धागा : आधी उतार, मग चढ. एका दिवसात घळ करायची तर तयारी काय केलीत?

घरात "सांदणला जाणार" म्हटल्यावर आईनं विचारलं, "आत्ता फणस कुठं मिळायचा?" ते फणसाच्या रसाचं गोड सांदण नव्हे. अकोले तालुक्यात साम्रद गावाला लागून जी चिंचोळी घळ आहे, ती. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रात्री आम्ही सहाजण कोल्हापुरातून निघतोय. रात्रभर गाडी, उजाडता साम्रद, घळीतनं दोरानं खाली आणि त्याच दिवशी करोली घाटानं परत साम्रदला वर. मुक्काम नाही, कारण सोमवारी सगळ्यांना कामावर हजर व्हायचंय.

पन्हाळा ते पावनखिंड झालंय, रांगणा झालाय, कळसूबाई झालंय. त्यामुळं सहातल्या चौघांचं मत, "त्यात कसली तयारी?" मला मात्र एक गोष्ट खटकते. गडावर दमलो तर अर्ध्यातनं मागं फिरता येतं, उतारच असतो. इथं दमलोय हे कळेपर्यंत आपण तळाशी. ज्यांनी सांदण किंवा तसलं काही, इथलं असो की परदेशातलं, एका दिवसात केलंय त्यांनी लिहा. फोटो नकोत, फोटो बघूनच ही वेळ आलीय. काय चुकलं ते आधी लिहा.

राजारामपुरी, सांदण दोनदा

चुकलेलंच सांगतो. पहिल्या वेळी बूट माळ्यावरनं काढले. पाच वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा वापरलेले, दिसायला कोरे. घळीत शिरल्यावर पाण्याचे डोह लागतात. डिसेंबरात गेलो होतो, पाणी मांडीच्या वर आणि असलं गार की तोंडातनं शब्द फुटेना. डोह ओलांडून पुढच्या धोंड्यावरनं खाली उडी टाकली आणि उजव्या बुटाचा तळवा जिभेसारखा लोंबायला लागला. शंभर पावलांवर डावा. नंतर कळलं, या तळव्यांच्या आतला फोम नुसता ठेवूनसुद्धा हवेतल्या दमटपणानं वर्षागणिक कुजतो. वापरले नाहीत म्हणून टिकले, असं नसतं. दोराच्या जागी गावातला एक पोरगा थांबला होता. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, एक शब्द बोलला नाही, पिशवीतनं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि दोन्ही बूट करकचून बांधले. त्या पट्टीवर मी करोली घाट चढलो. ती पट्टी अजून माझ्या सॅकमध्ये असते.

दुसरी चूक वेळेची. घळीच्या भिंती दोनशे फुटांच्या आसपास. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. (आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी म्हणून सगळीकडं लिहिलेलं असतं. कुठल्या पट्टीनं मोजली देव जाणे.) अशा ठिकाणी पुढच्याला ओलांडून जाता येत नाही. पहिला रॅपल, म्हणजे दोरानं उतरायचा टप्पा, चाळीस-पन्नास फुटांचा. आमच्या पुढं मोठा ग्रुप होता, तिथंच दोन तास बसलो. ओले कपडे, सावली, वारा. उतरण्यापेक्षा त्या बसण्यानं जास्त दमवलं. दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद, हे डोक्यात ठेवून दोराच्या आधीच घड्याळ बघा. आम्ही करोली घाटाला लागलो तेव्हा चार वाजून गेले होते. वरची शेवटची चढण टॉर्चवर काढली आणि पाचजणांत टॉर्च दोन. माझं ऐकाल तर शुक्रवारी सुट्टी टाका. शनिवार-रविवारी तिथं आपल्या भाऊसिंगजी रोडसारखी गर्दी असते.

कसबा बावडा, वय ५१

मी मागच्या वर्षी गेलो. (हो, मी बाई आहे. कोल्हापुरात आम्ही "गेलो"च म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

माझी तयारी जोतिबाच्या खेट्यांवर झाली. माघातले रविवार, पहाटे घरातनं निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरनं डोंगर चढायचा. आमच्याकडं सासूबाईंच्या वेळेपासून आहे. एरवी परत येताना वडापच्या जीपनं येतो. मागच्या वर्षी ठरवलं, उतरून चालतच यायचं. पहिल्या खेट्यानंतर दोन दिवस मला जिना उतरता येईना. चढताना काही नाही, उतरताना मांड्या थरथरायच्या. पाचव्या खेट्याला तेच अंतर, पण सोमवारी नेहमीसारखी शाळेत गेलो.

घळीत पहिल्यांदा डोहात उतरताना कोणी सांगितलं नव्हतं की मोबाईल, औषधं आणि सुके मोजे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड रबरानं बांधायचं. माझा एक जोड सुका राहिला, तो पिठाच्या जाड पिशवीत होता म्हणून. करोली घाट सुक्या मोज्यांनी चढले ते आणि ओल्यांनी चढले ते, दुसऱ्या दिवशी ओळखू येत होते.

बायकांसाठी एक, जे कोणी लिहीत नाही. घळीत आडोसा नाही, मागं-पुढं माणसं. म्हणून मी सकाळपासून पाणीच कमी प्यायलो. दुपारी एकला डोकं असं ठणकायला लागलं की समोरचा दगड दोन-दोन दिसायला लागला. हा शहाणपणा करू नका. साम्रदमध्ये जिथं नाष्टा करता तिथं उरकून घ्या, आणि ग्रुपमधल्या पुरुषांना आधीच सांगून ठेवा की आम्ही "थांबा" म्हटलं की पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि मागं वळून बघायचं नाही. आमचे लोक ऐकतात. तुमचे ऐकत नसतील तर ग्रुप बदला.

शिवाजी पेठ

भावा, आपल्याला तालमीचा नाद. रोज जोर-बैठका, वजन ९४. म्हटलं आपल्याला कोण दमवतंय. जायच्या आधल्या रात्री पोरांनी तांबडा-पांढरा केलता, हाणला पोटभर. पुढचं काय सांगू. राजूरच्या पुढं वळणं सुरू झाली आन् गाडी तीनदा थांबवाय लागली. घळीत उतरलो तवा पोटात काय नव्हतं आन् अंगात बी काय नव्हतं.

बैठकांनी मांड्या हुत्यात, पन ९४ किलो धोंड्या-धोंड्यांवरनं खाली उतरवायचं म्हंजे दर पावलाला गुडघ्यावर हातोडा. आमच्यातला ५८ किलोचा शिंपी पोरगा शिट्टी मारत गेला. रस्सा येताना खावा, जाताना न्हाई.

शाहूपुरी, फिजिओथेरपीचं काम

वर बावड्याच्या ताईंनी जे सोसलं त्याचं कारण सांगतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू वजन पेलत लांबत जातो, ब्रेक लावल्यासारखा. या लांबत जाण्यात त्याचे धागे जास्त दुखावतात, आणि दुखणं चढतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चांगली गोष्ट अशी की एकदा असं दुखून बरा झालेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो, आणि तो फायदा काही आठवडे टिकतो.

म्हणून माझ्याकडं जे ट्रेकच्या आधी येतात त्यांना मी उलटं सांगतो. लिफ्टनं वर जा, जिन्यानं खाली या. दहा मजले, पाठीवर पाच किलो तांदूळ, पाऊल हळू टेकवत. शेजारी हसतात, हसू देत. मोठा उतार निघायच्या आठ-दहा दिवस आधी एकदा करा, शेवटचे तीन दिवस काही करू नका. आणि पायाची नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. उतारावर बोटं पुढं आपटतात, लांब नख काळं पडणारच. बूट पुढून अंगठाभर मोकळा हवा, आणि उतार सुरू व्हायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट.

रुईकर कॉलनी, वय ६२, ग्रँड कॅन्यन

मुलगी अमेरिकेत फीनिक्सला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. ब्राइट एंजल नावाची वाट दक्षिण काठावरून थेट कोलोराडो नदीपर्यंत उतरते. माझा हट्ट, नदीला हात लावून संध्याकाळी परत. पन्हाळ्याचा माणूस मी, जन्म गेला चढण्यात. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी ती पाटी वाचा." वाटेच्या तोंडाशीच पाटी आहे : काठावरून नदी आणि परत, एका दिवसात करू नका. त्या फलकावर उन्हानं आडव्या झालेल्या माणसाचं चित्र आहे, तरणाबांड. म्हाताऱ्याचं असतं तर मी कदाचित दुर्लक्ष केलं असतं.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. काठ सुमारे २,०९० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे गाडी लावतो ती जागाच कळसूबाईच्या वर, दम तिथंच लागतो. तिथून नदी जवळपास १,३३० मीटर खाली, वाट साडेबारा-तेरा किलोमीटरची, एका बाजूची. आम्ही नदीचा नाद सोडला आणि हवासुपाय गार्डन्सपर्यंत जायचं ठरवलं. जाऊन-येऊन साडेचौदा किलोमीटर, सव्वानऊशे मीटर खाली आणि तेवढंच वर. उतरायला मला पावणेतीन तास लागले. मनात म्हणालो, एवढंच? चढायला साडेपाच लागले. तिथले रेंजर हेच सांगतात, उतरण्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

तळाची हवा काठापेक्षा दहा-अकरा अंशांनी गरम असते. पहाटे काठावर स्वेटर, खाली गेलं की चैत्रातलं ऊन. जसजसं उतरतो तसतसं तापत जातं. आपल्या गडांचं बरोबर उलट आहे, वर जाऊ तसा वारा लागतो.

परतताना तीन मैलांच्या विसाव्यापाशी एक तरुण भिंतीला टेकून बसला होता. ओकत होता, बोलणं बरळल्यासारखं. बायको म्हणत होती, पाणी तर सारखं पितोय. तिथली स्वयंसेवक बाई म्हणाली, तेच झालंय, सकाळपासून नुसतं पाणी, खाल्लं काही नाही, अंगातलं मीठ घामानं गेलं आणि उरलेलं पातळ झालं. पाणी थांबवलं आणि खारट काही आहे का विचारलं. माझ्या पिशवीत भडंग होतं, मुलीसाठी नेलेल्यातलं उरलेलं. त्या गोऱ्या पोरानं जयसिंगपूरचं भडंग चिमटीचिमटीनं खाल्लं, लसणाच्या पाकळीला जरा बिचकला, अर्ध्या तासानं नीट बोलायला लागला. पुढं बाईंनी त्याला हळूहळू वर आणलं. तेव्हापासून मी पाण्याची एक बाटली साधी आणि एक साखर-मिठाची ठेवतो : लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि दर तासाला तोंडात काहीतरी. गूळ-शेंगदाणे, चिरमुरे, काहीही चालतं.

खेचरं येतात समोरून, ओझं आणि माणसं घेऊन. आपण डोंगराच्या बाजूला, कड्याच्या नव्हे, गप्प उभं राहायचं.

अवांतर : त्या घळीतल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावं आहेत. अशी नावं ठेवायची रीत क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात पाडली. तळाच्या खडकालाही विष्णू शिस्टच म्हणतात, वय साधारण पावणेदोनशे कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा. मुलीला म्हटलं, नावं आपली, पण दगड आपल्या आजोबांच्याही आजोबांचा.

भुदरगड

लांब कशाला जाताय सरावाला? आपण सह्याद्रीच्या काठावर राहतो, खाली कोकण. चिक्केवाडीकडून रांगण्यावर जाणारे सगळे वरच्या वर जाऊन येतात, त्यात चढ असा नाहीच. गडावरून कोकणात नारूरकडं उतरा, खाली ताक प्या आणि त्याच वाटेनं परत या. हीच घळ, फक्त भिंती नाहीत. वाटाड्या घ्या, उतारावर पाचोळा असतो आणि ढोरवाटा फसवतात. पावसाळ्यात ना हे, ना सांदण. घळीत ऊन असलं तरी वर कुठं पाऊस पडला की पाणी त्याच फटीतनं येणार, त्याला दुसरी वाटच नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुप्पट वेळेचा हिशोब कागदावर मांडला. दोराच्या जागी दोन तास धरले तर आमचा बेत सहाला साम्रद सोडल्याशिवाय बसत नाही, म्हणजे कोल्हापूर संध्याकाळी सहालाच सोडायला हवं. शुक्रवारची सुट्टी तिघांची मंजूर, दोघांची अडकलीय. एकजण म्हणतोय आजारी पडतो.

येत्या रविवारी रांगणा-नारूर-रांगणा ठरलंय. आणि काल रात्री राजारामपुरीचा किस्सा वाचून उठलो, कपाटावरनं बूट काढले. दिसायला चांगले होते. टाचेशी अंगठा घालून जरा रेटलं, तर डावा तळवा चवड्यापर्यंत उघडला.