प्लेअरला सबटायटल सापडंनात, अण्णांसाठी मदत पाहिजे

परभणीकर:
मंडळी, आमच्या अण्णांना दोन वर्षांपासून फार कमी ऐकू यायलंय. गावच्या सप्त्यातलं कीर्तन मी मोबाईलवर घेतलं आणि रात्री जागून त्याचे मराठी सबटायटल टाईप केले, पण व्हीएलसी प्लेअरमधला सबटायटल निवडायचा 'सब ट्रॅक' उघडतच नाही, अन् पेनड्राईव्ह टीव्हीला लावला तर नुसते चौकोन दिसायलेत. कोणता प्लेअर घ्यावा? अण्णा रोज विचारायलेत.

गोदाकाठ:
भाऊ, प्लेअर बदलू नका, व्हीएलसी चांगलाच आहे. आधी नाव बघा. व्हिडिओ 'कीर्तन.एमपी४' असंल तर सबटायटल 'कीर्तन.एसआरटी' पाहिजे, दोन्ही एकाच फोल्डरात, म्हंजे तो आपोआप उचलतो. आणि नोटपॅडमधून सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ च ठेवा. एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह केलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती अक्षरं परत येत नाहीत, म्हणून मूळ फाईलची कॉपी आधी करून ठेवा, एवढी मेहनत वाया जायला नको.

उदगीरकर:
बरोबर. पुढंमागं दुसऱ्याकडून आणलेल्या फाईलीत सबटायटल आहेत का हे बघायचं असंल तर मीडियाइन्फो टाका, फाईलीच्या आत काय काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात 'टेक्स्ट' असा वेगळा भाग दिसला की आत ट्रॅक आहे, एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाईलीत तर एकात चार-पाच भाषा पण असतात. चित्रावरच छापलेली अक्षरं असतील तर ट्रॅक नसतोच, कोणताच प्लेअर ती बंद करू शकत नाही. अमेरिकन टीव्हीच्या रेकॉर्डिंगमधल्या जुन्या ६०८ कॅप्शनची (तिथल्या सबटायटलचा जुना प्रकार) गोष्ट अजून वेगळी, त्या व्हिडिओच्या प्रवाहातच दडलेल्या असतात, म्हणून बरेच प्लेअर चुकतात.

परभणीकर:
गोदाकाठ दादा, नावातच घोळ होता, शेवटी एक स्पेस जास्तीची पडली होती! कॉम्प्युटरवर एकदम स्वच्छ दिसायलंय. टीव्हीवर मात्र यूटीएफ-८ करूनही चौकोनच.

उदगीरकर:
मग टीव्हीत देवनागरी फॉन्टच नसंल, तिथं सेटिंग बदलून काही होत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ घ्या, सबटायटलच्या टॅबमधून एसआरटी जोडा आणि 'बर्न इन' ला टिक करा. अक्षरं चित्रातच छापली जातात, मग टीव्ही कसला पण असू द्या. मूळ व्हिडिओ तेवढा डिलीट करू नका.

परभणीकर:
झालं! काल जेवणं झाल्यावर अण्णा पाऊण तास जागचे हलले नाहीत, अभंग आला की ओठ हलवत होते. एका ओळीत 'विठ्ठल' चा ठ चुकलाय म्हणून त्यांनीच दाखवलं, तो नीट करून आता परत बर्न करायलोय.