परदेशात शिक्षकाची नोकरी: मुंबईहून गेलेल्या बाई-सरांनो, खरे अनुभव लिहा

शाळाबाई_दादर
मंडळी, आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली दुसरा विषयच नाही. गणिताच्या एक बाई इंग्लंडला गेल्या आणि तेव्हापासून जो तो विचारतोय कसं जायचं. यूट्यूबवर शोधलं तर सगळे एजंट लोकांचे व्हिडिओ, पगाराचा आकडा पहिल्या मिनिटाला आणि कागदपत्रं शेवटी घाईघाईत. म्हणून हा धागा. कुठला देश, कुठे अडलं, पैसे कुठे गेले, वर्गात काय झालं ते लिहा. "सगळं मस्त चाललंय" टाईप एक ओळ टाकून पळू नका प्लीज. आणि माझे विषय मराठी-इतिहास आहेत, ते बाहेर कोणाला नकोत हे मला ठाऊक आहे, तो सल्ला नको.

फिजिक्सवाला_भांडुप
मी इंग्लंडात आहे, सरकारी सेकंडरी शाळा. आधी मुद्द्याचं, फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिकडचं क्यूटीएस (म्हणजे पात्र शिक्षक असल्याची अधिकृत मान्यता) थेट मागता येतं, पण फक्त गणित, विज्ञान आणि भाषा, आणि तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता असेल तर. अर्ज फुकट आहे, हे मोठ्या अक्षरात वाचा कारण अंधेरीत एकाने मला ह्याच अर्जाचे ऐंशी हजार सांगितले होते. क्यूटीएस नसतानाही तिकडे चार वर्षं शिकवता येतं, पण व्हिसा स्पॉन्सर करणारी शाळा सहसा ते हातात असलेलाच माणूस बघते.

दुसरं म्हणजे टायमिंग. तिकडच्या शिक्षकाला वाटेल तेव्हा राजीनामा देता येत नाही, ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारीअखेर आणि ३१ मे ह्या ठरलेल्या तारखा असतात, त्यामुळे सप्टेंबरच्या जागांच्या जाहिराती मुख्यतः मार्च ते मे ह्या काळात निघतात, म्हणजे नेमक्या आपल्या पेपर तपासणीच्या धबडग्यात. जुलैत अर्ज करणाऱ्याला उरलेसुरले मिळतं.

इंटरव्ह्यू झूमवर. विषयाचं जेमतेम विचारलं हो, खरा प्रश्न हा होता: मुलगी वर्गानंतर थांबून म्हणाली "सर एक सांगू? पण कोणाला सांगायचं नाही हं", तर तुम्ही काय कराल? आपल्याकडचा चांगला सर म्हणेल, सांग बाळा, नाही सांगणार कोणाला. तिथेच विकेट गेली! तिकडे असं वचन द्यायचंच नसतं, "गरज पडली तर मला सांगावं लागेल" हे आधी बोलायचं, ऐकून घ्यायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून काढायचं आणि शाळेत त्यासाठी नेमलेल्या माणसाकडे द्यायचं. सेफगार्डिंग म्हणतात ह्याला. हे न वाचता इंटरव्ह्यूला बसू नका, एमएस्सीला फर्स्ट क्लास असला तरी.

पगार २०२४-२५ ला लंडनबाहेर ३१,६५० पौंडांपासून सुरू व्हायचा. आपला अनुभव धरायचा की नाही हे शाळेच्या मर्जीवर, माझा अर्धामुर्धा धरला. आणि व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे) प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. नवरा-बायको आणि पोरं मिळून हिशोब करा मग सोसायटीत पेढे वाटा.

ठाण्याची_टीचर
दुबई. इंडियन शाळा, सीबीएसई. इथे इंडियन शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि ब्रिटिश शाळांचं सप्टेंबरला, त्यामुळे भरतीचे महिनेही वेगळे, आणि पगारात फरक इतका की एकाच बिल्डिंगमधल्या दोन टीचर एकमेकींना आकडा सांगत नाहीत.

अटेस्टेशनबद्दल (कागदपत्रं खरी असल्याचे सरकारी शिक्के) लिहिते कारण सगळे तिथेच वैतागतात. अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का) करून भागत नाही, यूएईला आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग यूएई कॉन्सुलेटचा, आणि इथे आल्यावर पुन्हा इथल्या परराष्ट्र खात्याचा. माझ्या बी.एड.च्या सर्टिफिकेटची मागची बाजू आता जुन्या रेशनकार्डासारखी दिसते. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी लक्ष द्या: डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मार्कशीटवर आईचं नाव मधेच. नावबदलाचं गॅझेट आणि मॅरेज सर्टिफिकेट दोन्ही तयार ठेवा, नाहीतर प्रत्येक खिडकीवर तीच कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

गणितवाली_बोरिवली
ऑस्ट्रेलिया. इथे आधी एआयटीएसएल (शिक्षकांची पात्रता तपासणारी इथली संस्था) कडून स्किल असेसमेंट. आयईएलटीएस अकॅडमिक ह्या इंग्रजीच्या परीक्षेला रीडिंग-रायटिंग ७ आणि लिसनिंग-स्पीकिंग ८ लागतं, ओव्हरऑल चांगला आहे वगैरे चालत नाही. मी मराठी मिडियमची, स्पीकिंगला भीती होती पण अडकले रायटिंगला. फळ्यासमोर आयुष्य गेलं, बोलायचं काय आपल्याला, निबंध लिहायला कोणी सांगितलं होतं!

पण खरी गंमत पुढे. बी.एड.मध्ये किमान ४५ दिवस प्रत्यक्ष मुलांसमोर, देखरेखीखाली शिकवल्याचं कॉलेजचं पत्र मागतात. आपल्याकडे "पाठ" मोजतात, दिवस कोण मोजतंय? आणि सूक्ष्म अध्यापनाचे पाठ तर आपल्याच मैत्रिणींसमोर घेतलेले, ती सहावीतली मुलं बनून बसायची, ते धरत नाहीत. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणाले, मॅडम असा फॉरमॅटच नाही आमच्याकडे. शेवटी माझ्या जुन्या मेथड मास्तरीण बाई, रिटायर झालेल्या, त्यांनी घरातून माझी पाठ टाचणं तपासल्याची वही शोधून दिली, शाळेचं नाव, तारीख, इयत्ता, शेरा, सगळं होतं. त्यावरून मीच मजकूर टाईप केला आणि प्रिन्सिपलनी लेटरहेडवर सही केली. त्यामुळे बी.एड.च्या वह्या रद्दीत घालू नका बायांनो.

मुलुंडकर_सर
आम्ही पीआरवर (कायम राहायचा परवाना) कॅनडात आलो, ओंटारियो. पीआर म्हणजे नोकरी नव्हे, सरकारी शाळेत शिकवायला कॉलेज ऑफ टीचर्सचं सर्टिफिकेट लागतं (ते कॉलेज नाही, शिक्षकांची नियामक संस्था आहे). इथे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, योगायोगाने आपल्याकडेही त्याच वर्षी. माझं जुनं, एका वर्षाचं, म्हणून सर्टिफिकेट अटींसकट मिळालं, वरचे कोर्स नोकरी करत पूर्ण करतोय. ट्रान्सक्रिप्ट आपण नेलेले चालत नाहीत, थेट युनिव्हर्सिटीकडून जावे लागतात, तेव्हा कलिन्याच्या फेऱ्या भारतात असतानाच उरकून घ्या.

सुरुवातीला लंच सुपरवायझर होतो, मुलांचे डबे उघडून द्यायचो. मुंबईत सुपरवायझर होतो ह्या गोष्टीचा कोणाला काही फरक पडत नाही. आता सप्लाय टीचर, सकाळी फोन वाजला की ज्या शाळेत बोलावतील तिथे. पण प्रिन्सिपल लोकांनी चेहरा ओळखायला हाच रस्ता आहे इथे.

परळची_प्राथमिक
डी.एड.वाल्यांचं काय? माझं बारावीनंतर डी.एड., पालिकेच्या शाळेत आहे, डिग्री नाही.

फिजिक्सवाला_भांडुप
ताई, स्पष्टच सांगतो, राग मानू नका. क्यूटीएसला बॅचलर डिग्रीच्या तोडीचं शिक्षण लागतंच आणि अमेरिकेच्या जे-१ टीचर प्रोग्रामलाही (ठरावीक मुदतीच्या व्हिसावर तिकडे शिकवायची योजना) डिग्री हवी. त्या जे-१ ची मुदत मुळात तीन वर्षांची असते, फारतर पाच, हेही लक्षात ठेवा. आधी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून घ्या, नोकरी सांभाळून होतं.

गणितवाली_बोरिवली
एजंटबद्दल राहिलं. परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साईटवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, आणि त्यांना ३०,००० रुपये अधिक जीएसटी ह्याच्या वर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. इंग्लंडच्या एजन्सीला तर नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे, त्यांच्या १९७३ च्या कायद्याने. "प्लेसमेंट गॅरंटी, आधी दोन लाख" म्हणाला की उठायचं.

शाळाबाई_दादर
भारी माहिती येतेय, थँक्यू सगळ्यांना. अनुभव प्रमाणपत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं? आमचे मुख्याध्यापक "त्यांची वर्तणूक चांगली होती" ह्याच्या पुढे जात नाहीत.

ठाण्याची_टीचर
हाहा, सगळीकडे तेच. वर्तणूक राहू दे, हे हवं: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, फुल टाईम की पार्ट टाईम, विषय, इयत्ता, आठवड्याच्या तासिका, शाळेचा युडायस नंबर, आणि सही करणाऱ्याचा शाळेचा ईमेल, कारण तिकडून व्हेरिफिकेशन ईमेलवर येतं. जीमेल असेल तर शंका काढतात. इंग्रजीत घ्या, तीन-चार ओरिजनल कॉप्या घ्या आणि राजीनाम्याचं बोलायच्या आधी घ्या.