क्लस्टर डोकेदुखी : अटॅक सुरू असताना घरात काय करावं? (जळगाव-यावल भाग)

यावलची_लेक
मोठ्या भावासाठी विचारतेय. वय ३६, निदान न्यूरॉलॉजिस्टने केलंय, एमआरआय नॉर्मल. दुखतं फक्त उजव्या डोळ्यामागे, रात्री दीडच्या सुमारास, तासभर. डोळ्याला पाणी, उजवी नाकपुडी गच्च, पापणी उतरते. अटॅक येऊ नयेत म्हणून वेरापामिलची गोळी सुरू झालीय, पण लागू पडायला दिवस लागतील म्हणे. तोवर रात्रीचं काय? बाम, सुंठीचा लेप, पहाटे जिलबी-दूध हे सगळं सांगून झालंय लोकांचं.

तापीकाठ
ताई, जिलबी-दूध अर्धशिशीवर सांगतात, आणि हे दुखणं अर्धशिशी नाही. अर्धशिशीचा माणूस अंधारात निपचित पडतो, याला जागेवर बसवत नाही. म्हणून "पडून राहा" म्हणत त्याला दाबून ठेवू नका, फेऱ्या मारू द्या. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही. गोळी चढेपर्यंत अटॅक आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीला जातं.

घरात ठेवण्यासारखा खरा उपाय एकच : ऑक्सिजन. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिनिटाला १२ लिटरने १५ मिनिटं ऑक्सिजन दिल्यावर ७८ टक्के अटॅक आटोक्यात आले, साध्या हवेने २० टक्के. चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच हवी, आणि दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर तसं त्यांना आधी सांगा.

सिलिंडरवाला_भुसावळ
लोक फसतात ते इथंच. कोविडमध्ये घेतलेला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) पडून असतो, तोच लावतात आणि म्हणतात ऑक्सिजन चालत नाही. ५ लिटरने भागत नाही, आणि नाकातल्या नळीने तर नाहीच, बाहेरची हवा मिसळते. सिलिंडर, १५ लिटरपर्यंतचा फ्लोमीटर आणि पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क, हे तिन्ही लागतं.

पिशवी आधी फुगू द्या, आतली झडप बोटाने दाबली की लवकर भरते. मग मास्क नाकातोंडावर घट्ट. खुर्चीत पुढे झुकून बसायचं, आडवं नाही. श्वास घेताना पिशवी पार चिपकत असेल तर फ्लो कमी पडतोय, १५ वर न्या. दुखायला लागल्याबरोबर लावा. अर्धा तास वाट बघून लावलेला मास्क फारसं काही करत नाही.

हिशोब : १२ गुणिले १५, म्हणजे अटॅकला १८० लिटर. बी-टाइप छोट्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, म्हणजे आठ अटॅक. रोज रात्री येत असेल तर आठवडाभरात रिकामा. जम्बोत ७००० लिटर, पण तो जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागतात.

सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. देवघराचा दिवा, विडी, गॅसची शेगडी यांपासून लांब. रेग्युलेटरच्या आट्या घट्ट बसत नाहीत म्हणून तेल लावणारे महाभाग आहेत. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

सातपुडा_मेडिकल
अटॅक थांबवणाऱ्या सुमाट्रिप्टानचं ६ मिग्रॅ इंजेक्शन लिहून घेता येतं का विचारा. त्वचेखाली घ्यायचं, २४ तासांत जास्तीत जास्त दोन, मधे किमान तासाचं अंतर. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर नाही. तेच औषध गोळीतून फार उशिरा चढतं.

धुळेकर_७
मन्हं मत, तो बाम फेकी दे पहिले! उग्र वासाने काहींना उलट उठतं. तसंच थिनर आणि पेट्रोल. आणि अटॅक येत असतात त्या आठवड्यांत दारू शून्य, मग बियर असो की मोहाची. तासाभराच्या आत अटॅक उठवते. दुपारची झोपही काहींना नडते, मे महिन्यात आपल्याकडे ती टाळणं अवघड असलं तरी.

यावलची_लेक
बर्फाचं काय? आणि शेजारचे काका नाकात मिरचीचं पाणी सोडायला सांगतात.

तापीकाठ
मिरची नको. कॅप्सायसिनवर (मिरचीतला तिखट घटक) प्रयोग झालेत, पण ते मोजून बनवलेलं औषध होतं. घरच्या मिरचीपुडीने नाकाची आग होईल, डोळ्यात गेली तर आणखी हाल.

बर्फ चालेल, पातळ फडक्यात गुंडाळून कपाळ आणि मानेला. कूलरसमोर तोंड करून गार हवा घेतली तर थोडं सुसह्य होतं, फक्त टाकीत अत्तर टाकू नका. कडक कोऱ्या कॉफीने काहींना फरक पडतो, पुढची झोप मात्र जाते. हे सगळं वेळ काढण्यापुरतं.

हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तापासोबत मान ताठली, डोळा लाल होऊन दिसणं धूसर झालं किंवा दुखण्याचा प्रकारच बदलला, तर मास्क लावून बसू नका, १०८ ला फोन करा. आणि दुखण्यात जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ रात्रीही चालू असतो.

यावलची_लेक
चिठ्ठी उद्याच मागते. सिलिंडर भरलेला आलाय हे कसं ओळखायचं?

सिलिंडरवाला_भुसावळ
गाडी परत जायच्या आत रेग्युलेटर बसवून वॉल्व्ह हळू उघडा. दाब दाखवणारा काटा १५० च्या आसपास हवा. ७५ म्हणजे अर्धा, चारच अटॅक. ५० वर आला की भरायला पाठवा. पाना सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा, रात्री दीडला तो सापडत नाही.