सुतार्तिनेसला सिंथेसायझरची साथ कशाला?

रानजाई:
सुतार्तिनेस म्हणजे लिथुआनियाच्या ईशान्येकडची बायकांची गाणी. एकीची ओळ चालू असतानाच दुसरी वेगळी चाल धरते, आणि दोघींचे सूर अगदी शेजारचे. पेटीवर सा आणि रे एकदम दाबून बघा. आधी कानाला टोचतं, मग आवाज घंटेसारखा घुमायला लागतो. 'सुतार्ती' म्हणजे एकमेकींशी जुळणं, नाव त्यावरून पडलं. आता शहरात कुणी या गाण्यांखाली बीट्स आणि कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे जुळते सूर, घालतं. कॉर्ड वाजली की तो टोचणारा रे त्यात विरघळतो. मग उरलं काय? मला हे पटत नाही.

पाणवठा:
पण ताई, ज्या गावासाठी जीव तुटतोय ते आहे कुठे? विसाव्या शतकात गावातून ही गाणी जवळपास उठलीच होती. लोकगीतांचे अभ्यासक स्लाव्यूनास यांनी १९५८-५९ मध्ये तीन खंडांत ती छापली. राजधानी विल्नियसचा 'त्रीस केतुरिओसे' हा गट १९८६ पासून ती गातोय. शहर नसतं तर २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जायला गाणं उरलं असतं का? आणि मी स्वतः इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमधूनच इथवर आलो. तुमच्या शुद्ध रूपापर्यंत मला त्या बीट्सनीच आणलं.

रानजाई:
शहराला माझा विरोध नाहीच. सोव्हिएत काळात सरकारी मंचावर कांक्लेस हे तंतुवाद्य सुधारून मोठ्या वाद्यवृंदात बसवलं, लोकगीतं गोड करून ऐकवली. त्याला नाही म्हणणारे शहरातलेच होते. विल्नियस विद्यापीठाचा 'रातिल्यो' हा गट १९६८ चा. गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन जसं ऐकलं तसं गाणारी पोरं होती ती. त्यांनी खरखर ठेवली म्हणून तर गाणं वाचलं. तुमचे बीट्स पुन्हा तेच गोड करणं करताहेत.

मंद्रसप्तक:
सगळेच नाही. १९९५ पासून भरणाऱ्या 'मेनुओ युओदारागिस' महोत्सवात मेटल आणि इलेक्ट्रॉनिकच्या शेजारी निव्वळ आवाजही असतात. नुसता ठेका दिला, कॉर्ड टाळली, तर तो रे शाबूत राहतो. पाणवठा, एकदा गाऊन मात्र बघा. मी बहिणीबरोबर स्वयंपाकघरात प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीला मी नकळत तिच्या सुरावर घसरले. डोळ्यांत बघत, कानावर हात न ठेवता आपला सूर धरायचा, हे हेडफोनवर कळत नाही.

पाणवठा:
मान्य. पण हेडफोन नसते तर तुमच्या स्वयंपाकघरात ते पोचलं कसं असतं?